काचेच्या आतली साय

मोटारीची पुढची काच बाहेरून मळते ती धुळीमुळे आणि आतून मळते ती संस्कारांमुळे. धूळ पावसाने जाते. संस्कार इतक्या सहजी जात नाहीत, आणि जाऊही नयेत, असं उझबेकिस्तानातल्या रिश्तान गावातल्या महल्ला समितीचं मत आहे.

या महल्ल्यातले निवृत्त भूगोल शिक्षक हमरोकुल यांची पांढरी गाडी संस्कारांत कुठेच कमी नव्हती. चार वर्षांपूर्वी ती घेतली तेव्हा सीटवर असलेलं प्लास्टिक आजही सीटवरच होतं (नवी गाडी नवी राहावी म्हणून). उन्हाळ्यात ते तापलं की त्याचा वाफारा काचेवर जाऊन बसे. शिवाय दर शुक्रवारी त्यांच्या मातोश्री तव्यावर इसिरिक, म्हणजे दृष्ट काढायचं वाळकं रानझुडूप, पेटवून गाडीत फिरवीत आणि धूर वाया जाऊ नये म्हणून दारं लावून घेत. धुरीने अपघात टळतात. आकडे बोलके आहेत: पुरेशी धुरी दिलेल्या एकाही गाडीला महल्ल्यात अपघात झालेला नाही. (ज्यांना झाला त्यांची धुरी पुरेशी नव्हती हे उघडच आहे.)

परिणामी काचेवर आतून पिवळट साय धरली होती. सूर्य पाठीशी असला की काही बिघडत नसे. समोर आला की हमरोकुल खिडकीबाहेर मान काढत आणि निव्वळ भूगोलाच्या आधारावर गाडी चालवत. सगळं सुरळीत चाललं होतं. पण त्यांना नात झाली.

मुलगा कामासाठी कझानला. सून मुहाय्यो बाळंतपणाला फरगान्याच्या इस्पितळात. तिथून तिचा सासऱ्यांना, म्हणजे तिच्या अदाजानना, फोन आला.

"अदाजान, तुमच्या गाडीतून मी बाळाला आणायची नाही."

"का गं, पोरी?"

"मागच्या खेपेला तुम्ही मलाच विचारत होतात, पुढे ट्रक आहे का म्हणून."

"होता का?"

"होता! हे बघा, माझ्या वडिलांनाही हेच सांगितलंय. ज्याची काच आतून साफ, त्याच्या गाडीत मी बसेन आणि चाळीस दिवस त्याच्याच घरी राहीन."

पाठोपाठ व्याही, म्हणजे तिकडच्या भाषेत कुदा, नुरमत यांचा फोन. "कुदा, तुम्ही उगीच दगदग करू नका. तुमची ती गाडी थोडीच आहे, हमामखाना आहे! बाळ आमच्याकडे येईल. तुम्ही सवडीने बघायला या."

हे हमरोकुलना फार लागलं. पहिल्या नातीला स्वतःच्या हातांनी आपल्या उंबरठ्यावरून आत न्यायचं, एवढं एकच त्यांना हवं होतं.

समितीने प्रश्न गांभीर्याने घेतला आणि गाडीभोवती चहाची किटली ठेवून तातडीची बैठक बोलावली. प्रथम अर्धा कांदा फिरवण्यात आला. साय तशीच राहिली, सदस्यांचे डोळे मात्र स्वच्छ झाले. मग ग्रीन टी. मग वर्तमानपत्र, पण त्यातल्या बातम्या काचेवर उतरल्या आणि समोरचं आणखीच दिसेनासं झालं. टूथपेस्टने सायीला पुदिन्याचा वास आला. शेवटी कोणीतरी व्होडका सुचवली. हा उपाय सर्वानुमते मंजूर झाला. बाटली हातोहात फिरली आणि काचेपर्यंत पोचायच्या आत संपली.

"हमरोकुल-अका, काच जन्मजातच अशी असणार," अध्यक्ष म्हणाले. "शिवाय नात जरा धूसर दिसली म्हणून काय परकी होते?"

सगळे पांगल्यावर हमरोकुल एकटेच सीटवरच्या प्लास्टिकवर घाम गाळत बसले. रडूच यायचं बाकी होतं. हातातलं फडकं त्यांनी वैतागून फेकलं, तेव्हा ते डॅशबोर्डवर आपटून तिथेच चिकटलं. हमरोकुल त्याच्याकडे बघत राहिले. हे गाडीचं फडकं. सीटखाली राहायचं आणि तेल मोजायची कांडी, बूट, सामश्याचे, म्हणजे तिकडच्या भट्टीतल्या समोशाचे, तुपकट हात, सगळ्यांची सेवा करायचं. महल्ल्यात प्रत्येक गाडीत असं एक असतं आणि ते धुण्याची पद्धत नाही. आज कांद्यापासून टूथपेस्टपर्यंत सगळं याच फडक्याने झालं होतं.

त्यांनी घरातून गरम पाण्यात व्हिनेगर घालून आणलं, दोन धुतलेले बनियन आणले. एकाने पुसलं, दुसऱ्याने कोरडं केलं. पहिला बनियन तपकिरी झाला आणि काच नाहीशीच झाली. ती जागेवर आहे ना, हे त्यांना बोटाने चाचपून बघावं लागलं.

इस्पितळाच्या अंगणात मुहाय्योने दोन्ही गाड्यांच्या काचेवर आतून बोट ओढलं. नुरमत यांच्या काचेवर सरळ रेघ उमटली. हमरोकुल यांच्या काचेवर बोट करकरलं.

"चला, अदाजान," ती म्हणाली आणि बाळाला घेऊन मागे बसली. नुरमत आपल्या गाडीत बसले आणि मागोमाग निघाले.

परतीची वाट पश्चिमेची आणि वेळ कलत्या उन्हाची. ऐन तोंडावर सूर्य, तरी हमरोकुलना सगळं दिसत होतं: कालवा, तुतीची झाडं, सायकलवरून नान नेणारी बाई. गावाच्या वेशीवरच्या चौकात त्यांना एक लाल दिवा दिसला. इथे सिग्नल आहे हे त्यांना आजच कळत होतं. कायद्याप्रमाणे ते थांबले.

नुरमत थांबले नाहीत. त्यांना ना सिग्नल दिसला, ना कुदा. धक्का हलका होता. बाळाने जांभई दिली आणि ते परत झोपलं. पण नुरमत यांचा बंपर वाकला आणि महल्ल्याच्या नोंदीत पुरेशी धुरी दिलेल्या गाडीचा पहिला अपघात जमा झाला.

समितीने त्याच संध्याकाळी हमरोकुल यांच्या अंगणात चौकशी केली. नुरमत यांची बाजू भक्कम होती. "वीस वर्षं त्या चौकातून जातोय. कोणी कधी थांबलं नाही. हेच का थांबले?"

"दिवा लाल होता, कुदा."

"दिसला कसा?"

"काच साफ होती म्हणून."

अध्यक्षांनी दोन्ही हात पसरले. आता आणखी पुरावा तो काय हवा? ठराव झाला: अपघात स्वच्छ काचेमुळे घडला, यापुढे महल्ल्यात कोणी काच आतून पुसू नये, बंपर हमरोकुल यांनी भरून द्यावा.

हमरोकुलनी ठरावाच्या बाजूने हात वर केला. दुसऱ्या हातावर नात झोपली होती, आणि वाद घातला असता तर ती उठली असती.

वाचकांना या लोकांचं हसू आलं असेल, तर खुशाल हसावं. फक्त मागच्या खेपेला तुमच्या पुढचा गाडीवाला लाल दिवा बघून थांबला होता, तेव्हा तुम्ही हॉर्न किती वेळ वाजवत होतात, तेवढं आठवून हसावं.