एका धानाची ढील

डोमाजी आपल्या मोटारीच्या क्लचची ढील रोज सकाळी धानाच्या दाण्याने मोजीत असे. दाणा लुचई जातीच्या धानाचाच लागे. एकदा घाईत मी सुवासिक चिन्नोरचा दाणा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो डोळ्यांजवळ नेला, नखाने उलटासुलटा केला आणि मला परत देत तो म्हणाला, "मास्तर, हा खिरीत टाका. गाडीत टाकू नोका."

हे मी प्रारंभीच नमूद करतो, कारण या मनुष्याविषयी गोंडपिपरीत आज तीन कथा प्रचलित आहेत आणि तिन्ही निखालस खोट्या आहेत. निवृत्त ओव्हरसीअर नारायणराव सांगतात की, डोमाजीची मोटार तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, कधी हललीच नाही. पोस्टमास्तर काशीनाथपंत सांगतात की हलली, परंतु बैलांनी ओढली म्हणून हलली. आणि बाजारातील लोक सांगतात की, मोटार चालकावाचून आपोआप बाजारात आली व तिच्यात एक भूत पुस्तक वाचीत बसले होते. नारायणराव त्या वर्षी चांद्याला नोकरीस होते. काशीनाथपंतांच्या पोस्टाची खिडकी रस्त्याच्या विरुद्ध दिशेला उघडते. उरला भुताचा प्रश्न. ते भूत म्हणजे मी.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षे झाली होती. गोंडपिपरीपासून तीन मैलांवर, मोठ्या तळ्याकाठच्या गावात मी शाळामास्तर होतो. डोमाजी त्या तळ्यावरच्या ढिवरांचा म्होरक्या. मासे धरणे हा त्याचा पिढीजात धंदा, आणि त्याने आयुष्यात धरलेली सर्वांत मोठी मासळी म्हणजे ही मोटार. पोंभुर्ण्याकडे सागवान पाहण्यास निघालेल्या एका ठेकेदाराच्या ड्रायव्हरला भर दुपारी डुलकी लागली व मोटार पाळीवरून थेट तळ्यात उतरली. डोमाजीने आठ गडी आणि ओढजाळ्याचे दोर लावून ती बाहेर काढली. ठेकेदाराने दार उघडले, तेव्हा आसनाखालून हातभर लांबीची मरळ निघाली. ठेकेदार तिच्याकडे पाहत राहिला. मग "ही आता तुझीच," एवढेच बोलून तो मोटारबसने निघून गेला. ही म्हणजे मरळ की मोटार, हे त्याने स्पष्ट केले नाही. डोमाजीने दोन्ही ठेवून घेतल्या.

ड्रायव्हर मात्र इंजिन वाळेपर्यंत आठ दिवस राहिला. त्याने भरपूर मासे खाल्ले, आपल्याला ठाऊक होते तेवढे डोमाजीला शिकवले आणि गेला. त्याच्या शिकवणीतील एकच गोष्ट डोमाजीच्या अंतःकरणात रुतून बसली, ती म्हणजे क्लचची ढील.

ज्यांना मोटारीचे ज्ञान नाही त्यांच्यासाठी सांगतो. डाव्या पायाखालचे पायडल दाबले की आरंभी ते थोडे मोकळेच खाली जाते, काहीही ओढत नाही. ती ढील. त्यानंतर तार ताणली जाते आणि इंजिनाचा व चाकांचा संबंध सुटतो. ढील फार झाली, तर पाय तळाला टेकवूनही संबंध पुरता सुटत नाही व गिअर किंचाळतात. ढील मुळीच नसेल, तर संबंध पुरता जुळत नाही. मग इंजिन नुसते ओरडते, मोटार चढावर रेंगाळते आणि क्लचच्या चकत्या जळून वास सुटतो. मोटारीत सापडलेल्या, पाण्याने पापडासारख्या फुगलेल्या पुस्तकात तिसाव्या पानावर ही ढील एक इंच असावी असे छापलेले होते. पुस्तक इंग्रजीत होते आणि गावात इंग्रजी मला एकट्याला येत होते. तेव्हा हा प्रश्न तेथेच मिटायला हवा होता.

डोमाजी म्हणाला, "इंच कोनाचा? सायबाचा. आपल्या गाडीले एक धान पुरे."

ढिलीचे हे वेड त्याने गाडीपुरते ठेवले नाही. बाजेची दावण तो बोटाने दाबून पाही. गोऱ्ह्याच्या वेसणीत बोट घाली. एका लग्नात त्याने नवरदेवाच्या मुंडावळ्या दोन बोटांनी ओढून पाहिल्या आणि नवरीच्या बापाला सांगितले, "ढील आहे. पोरगी सुखात राहीन." आमच्या शाळेची तपासणी सुरू असताना तो खिडकीशी आला, वर्ग पाहिला आणि साहेबांच्या देखत मला म्हणाला, "पोरं लय तानून ठेवले, मास्तर. चकत्या जळतीन." साहेबांनी शेऱ्यात काय लिहिले ते मी येथे देत नाही.

डोमाजीच्या घरी त्याची बहीण सायत्रा होती. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय वाळला व आखूड राहिला. अंगानेही ती दहा वर्षांच्या मुलीएवढीच. ती पाळीवर बसून जाळी विणी. पूर्वी डोमाजी तिला पाठीवर घेऊन मंगळवारच्या बाजारात जाळी विकण्यास नेई. पुढे तिने ते बंद केले. त्याला पंधरा वर्षे झाली होती.

"दादाच्या पाठीवर बसून जायचं वय गेलं, मास्तर," ती मला म्हणाली होती. "लोकं माल पाहत नाई, मलेच पाह्यते. आता जाईन त आपल्या पायानं. नाई त जात नाई."

मोटार हाती येताच डोमाजीने साऱ्या ढिवरवाड्यासमोर शब्द दिला होता, "मिरगाच्या आधी तू बाजारात, बाई." मृगाचा पाऊस पडला की तो रस्ता दिवाळीपर्यंत चिखलाचा असतो. म्हणजे मुदत उन्हाळ्यापुरतीच होती. मोटार तोपर्यंत वाटेतल्या नाल्याच्या चढावर टिकेल अशी झाली नाही, तर बहिणीला दिलेला शब्द जाईल, हे मलाही कळत होते आणि म्हणूनच मी त्याच्या मदतीस गेलो. नारायणराव म्हणतात की, मी फुकटच्या मासळीसाठी गेलो. मासळी मिळत असे. परंतु कार्यकारणभाव उलटा आहे.

आमची कामाची पद्धत अशी होती. मी मोटारीखाली उताणा पडून, तारेच्या टोकाशी असलेला नट पान्याने आधी सैल करून मग आवळीत असे. सायत्रा चालकाच्या जागी बसून पायडल दाबीत असे. डोमाजी दाराशी गुडघे टेकून, पायडलाशेजारी बांबूची कांब धरून ढील दाण्याने मोजीत असे. एक धान उरली की तो ओरडे, "थांबा!" आणि मी थांबेपर्यंत ती अर्धे धान झालेली असे. एवढ्या कमी ढिलीत चकत्या दोन दिवसांत झिजत आणि उरलेली ढील नाहीशी होई. मग पुन्हा सकाळी हाक येई, "मास्तर, ढील गेली!"

मी दोन हरकती नोंदविल्या होत्या. पायडलावर जाळ्याच्या सुतळीने सागाचा एक ठोकळा बांधलेला होता, त्याचा पुस्तकात उल्लेख नव्हता. दुसरी हरकत अधिक गंभीर. सायत्राचा वाळलेला पाय पायडल जेमतेम अर्धेच दाबी, तेही थांबून थांबून. अशा पायाने माप अचूक येणार कसे?

"अरे डोमाजी," मी मोटारीखालून म्हणालो, "पायडल दाबायला धडधाकट माणूस बसव. या पायावर मोजलेली ढील काय कामाची?"

वरून सायत्रा हसली आणि डोमाजी म्हणाला, "तुमी नट पाहा, मास्तर."

तारेला तो वंगण म्हणून माशाचे तेल लावी. ढिवराच्या घरी दुसरे तेल कोठले? परिणामी मोटारीखाली माझ्या सोबतीस मांजरे असत. नारायणराव वीस मांजरांचा आकडा सांगतात. मांजरे सहा होती. सातवे मुंगूस होते आणि ते माझा पाना चाटीत असे. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावरचा तेलाचा डाग सौभाग्यवतींना जन्मभर काढता आला नाही. सदरा आजही पेटीत आहे, ज्याला शंका असेल त्याने येऊन हुंगावा.

उन्हाळ्यात तळे अर्धे आटले. पाणी हटून उघड्या पडलेल्या कोरड्या गाळपेरात मला चाकांच्या गोल गोल खुणा दिसल्या. मी त्या बैलगाडीच्या समजलो. दुपारी मी शाळेत असे. तेथे काय चालले होते हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही, हा दोष मी मान्य करतो. दुसरा कोणताही करीत नाही.

मृगाला आठ दिवस उरले असता, मंगळवारी सकाळी डोमाजी धोतर खोचून आणि हातात लांब बांबू घेऊन माझ्या दाराशी उभा राहिला. "मास्तर, पुस्तक घ्या. गाडीत बसा."

मी डावीकडच्या जागेवर बसलो. चालकाच्या जागी सायत्रा होतीच. मी सौजन्याने म्हणालो, "बाई, जरा सरका. डोमाजीला बसू द्या."

"कायले सरकू?" ती म्हणाली. "मी बसली आहो न."

आणि तिने तो वाळलेला पाय सागाच्या ठोकळ्यावर ठेवला, अर्धा दाबला, एका धानाच्या ढिलीला तेवढाच पुरला, उजव्या पायाने इंजिनाला जोर दिला आणि मोटार निघाली. मी तिसावे पान उघडले. त्या क्षणी दुसरे काही करण्यासारखे मला सुचले नाही.

डोमाजी पुढे धावत होता. बांबूने गुरे आणि मांजरे हाकीत, मान मागे वळवून ओरडत होता, "ढील आहे का, बाई?"

"आहे, दादा!"

पुढे नाल्याचा चढ आला. येथेच चकत्या जळायच्या होत्या. इंजिन ओरडले, मोटार क्षणभर रेंगाळली, मला वास आल्यासारखा वाटला. डोमाजी बांबू टाकून मोटारीच्या बाजूने धावू लागला. मोटारीला हात मात्र त्याने लावला नाही, हे काशीनाथपंतांनी लिहून घ्यावे. सायत्रा दात आवळून म्हणाली, "दादा, तू पुढं पाह!" आणि मोटार चढून वर आली.

बाजारात जे घडले त्याचे कारण साधे आहे. सायत्राचे डोके स्टिअरिंगच्या चाकापेक्षा उंच नव्हते, ती चाकाच्या आऱ्यांतून रस्ता पाहत होती. लोकांना चालकाची जागा रिकामी दिसली आणि शेजारी पांढऱ्या सदऱ्यातला, घामाने थबथबलेला, ओठ हलवीत इंग्रजी वाचणारा मी दिसलो. बाजार पळाला. बांगडीवाला पाटी टाकून पळाला. सायत्राने मोटार त्याच्या पाटीसमोर उभी केली आणि तो परत येईपर्यंत अर्धा तास शांतपणे बांगड्या निरखीत बसली.

"बाजार लहान झाला का वो, मास्तर?" तिने विचारले. "लहानपनी लय मोठा दिसे."

"तेव्हा तुम्ही उंचावरून पाहत होता, बाई," मी म्हणालो.

तिने डोमाजीकडे पाहिले. तो बांबूला टेकून धापा टाकीत होता. त्याने विचारले, "कोन्या पायानं आली, बाई?"

"आपल्या," ती म्हणाली.

ती फक्त त्या एकाच बाजाराला जाऊ शकली. मृगाचा पाऊस आला, रस्ता बुडाला. भाद्रपदात तिला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेरवीनंतरच्या सकाळी मी पाळीवर गेलो. मोटारीखालून डोमाजीचे पाय दिसत होते. भोवती मांजरे बसली होती. मडगार्डवर लुचईचा एक दाणा ठेवला होता.

"मास्तर, दाना घ्या," तो खालून म्हणाला. "पायडल दाबा."

मी चालकाच्या जागी बसलो आणि पायडल तळापर्यंत दाबले.

"एवढा नाई. अर्धाच. थांबून थांबून."

मी ठोकळ्यावर पाय हलकाच ठेवला. थोडे दाबले, थांबलो, पुन्हा थोडे दाबले. खाली पाना वाजत नव्हता. नट फिरत नव्हता.

"आहे न एक धान?" त्याने विचारले.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या मोटारीची तार सैल पडली होती. ढील चांगली इंचभर होती, अगदी तिसाव्या पानावर छापल्याप्रमाणे. दाणा माझ्या मुठीत होता.

"एक धानच आहे, डोमाजी," मी म्हणालो.