दाबपात्र सुरक्षा कार्यालय

इंदूरची कापड मिल बंद पडली तेव्हा कामगारांना घरी पाठवण्याची तरतूद कायद्यात सापडली. मिलचे बॉयलर तपासणाऱ्या निरीक्षकांना घरी पाठवण्याची सापडली नाही. त्यामुळे १९९३ साली शहरात 'गृहोपयोगी दाबपात्र सुरक्षा कार्यालय' उघडण्यात आले. दाबपात्र म्हणजे कुकर. जनतेचे कुकरपासून रक्षण करणे हे या कार्यालयाचे कर्तव्य होते, आणि वेळ अकरा ते पाच होती.

त्याच मिलमध्ये बावीस वर्षे बॉयलर सांभाळलेले श्रीपाद बोरगावकर आता जुन्या इंदुरात, घराच्या पुढच्या खोलीत कुकर दुरुस्त करत. उदारीकरणाने बाजारात 'झटपट' नावाचा चकचकीत कुकर आला होता. गल्लीतल्या इंदुमतीबाईंकडे तो तिसऱ्याच दिवशी फुटला आणि झाकण छपराच्या पत्र्यातून आरपार गेले. बाई मिरच्या निवडायला दाराबाहेरच्या ओट्यावर बसल्या होत्या, म्हणून वाचल्या.

श्रीपादरावांनी सेफ्टी वॉल्व काढून गॅसवर धरला. वाफ कोंडली की आतला धातू वितळून तिला वाट द्यायची, एवढेच त्या वॉल्वचे काम. तो लाल झाला, पण वितळला नाही.

"हा वॉल्व नाही," ते बायकोला, प्रमोदिनीबाईंना म्हणाले, "हा बूच आहे."

गल्लीतल्या सगळ्या झटपट कुकरांना त्यांनी चांगले वॉल्व बसवले आणि फुटके झाकण काखेत मारून कार्यालय गाठले.

नियंत्रक श्रीराम कानूनगो यांनी चहा मागवला. "बैठिए, बैठिए. असा जागरूक नागरिक आमच्याकडे पहिल्यांदाच आलाय. पण हे झाकण सीलबंद नाही."

"साहेब, फुटलेल्या कुकरला सील कसं राहणार?"

"तेच म्हणतोय. सील नाही, म्हणजे छेडछाड झाली. नमुना आमच्या निरीक्षकानं, घटना घडत असताना, घ्यायला हवा." त्यांनी एक फॉर्म पुढे केला. त्यात 'स्फोटाची अपेक्षित तारीख व वेळ (शासकीय सुट्ट्या वगळून)' असा रकाना होता.

श्रीपादरावांनी रकान्यात लिहिले : 'कधीही.'

फॉर्म अपूर्ण म्हणून परत आला. पाठोपाठ निरीक्षकही आला, दुकानात काढून ठेवलेले जुने वॉल्व मोजून गेला. आठव्या दिवशी श्रीपादरावांना हजर राहण्याची नोटीस मिळाली. या वेळी चहा आला नाही.

"एकशे बारा कुकरांमध्ये तुम्ही विनापरवाना फेरफार केलात," कानूनगो म्हणाले. "उद्या एखादा फुटला तर जबाबदार कोण?"

"फुटू नये म्हणूनच तर केला ना साहेब!"

"तोच तुमचा गुन्हा आहे. तुमच्यामुळे कुकर फुटत नाहीत. फुटत नाहीत म्हणून आकडे येत नाहीत, आणि आकड्यांशिवाय मी कंपनीवर कारवाई कशी करू? तुम्ही जनतेच्या रक्षणात अडथळा आणताय, भिया. पंधरा दिवसांत सगळे मूळ वॉल्व परत बसवा."

"ते माझ्या हातून होणार नाही," श्रीपादराव म्हणाले.

सोळाव्या दिवशी दुकानाला लाखेचे सील लागले. प्रमोदिनीबाईंनी ते बोटाने दाबून पाहिले. "चला," त्या म्हणाल्या, "यांच्याकडची एक तरी वस्तू पक्की निघाली."

वर्षअखेरीस कार्यालयाच्या नोंदीत सीलबंद स्फोटांची संख्या शून्य होती. त्यावरून 'झटपट' कुकरला सुरक्षिततेचे प्रमाणपत्र मिळाले. कंपनीने ते जाहिरातीत छापले, आणि विजय नगरच्या नव्या दुकानासमोर रांग लागली.

मग श्रीपादरावांच्या मागच्या दारावर टकटक सुरू झाली. माणसे कुकर पिशवीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून आणत. श्रीपादराव वॉल्व बदलून देत आणि एक कागद पुढे करत. कंपनीविरुद्ध सामुदायिक तक्रार होती. शंभर सह्या झाल्या तर प्रकरण भोपाळला जाणार होते.

एका रविवारी स्कूटरवरून स्वतः कानूनगो आले. "राजेंद्र नगरहून आलोय," ते पिशवी उघडत म्हणाले. "घरात नवी सून आहे. टेन्शन राहतं."

श्रीपादरावांनी पिशवीतला कुकर पाहिला, मग साहेबांकडे पाहिले. क्षणभर त्यांच्या मनात आले, जसा आहे तसा परत द्यावा. पण कधी न पाहिलेली ती मुलगी डोळ्यांपुढे आली आणि त्यांनी डब्यातला सगळ्यात चांगला वॉल्व निवडला.

"आता इथे सही करा, साहेब."

"मी?" कानूनगो दचकले. "मी सही केली तर तक्रार खरी ठरेल. मग मला कारवाई करावी लागेल!" आणि स्कूटरला किक मारून ते गेले.

इंदुमतीबाईंना तर श्रीपादरावांनी हात जोडले. पत्र्याचे भोक अजून तसेच होते. "तुम्ही तरी करा सही, काकू."

"अरे, पण तू वॉल्व बसवलास तेव्हापासून माझा नवा कुकर एकदम बरोबर चालतोय की!" त्या म्हणाल्या. "मग शिकायत कशाची करू? झूठ लिहायचं का?"

प्रत्येकाने थोड्याफार फरकाने हेच सांगितले. कागदावर आजवर दोन सह्या आहेत, दोन्ही एकाच घरातल्या. कागद दाराशी खिळ्याला टांगलेला आहे, शेजारी सुतळीला बांधलेले पेनही आहे. आपण सही केली नाहीत तरी श्रीपादराव वॉल्व बसवून देतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. फक्त येताना मागच्या दाराने यावे, आणि कोथिंबीर जरा ताजी आणावी.