डिझेल न पिणारं इंजिन

डिझेलची नळी उपटून गोकुळदासांनी हातात धरली होती, तरी इंजिन चालूच होतं. चालू कसलं, बेफाम सुटलं होतं. हळर्णच्या कुळागरातलं, माडांच्या बागेतलं पंपघर हादरत होतं, धुरात काही दिसत नव्हतं आणि पंप पाटात धो धो पाणी ओतत होता. इंजिन मेव्हण्याचं होतं. कृष्णनाथ ते आजच न्यायला यायचा होता.

खोड गोकुळदासांचीच. इंजिनात घातलेल्या डिझेलचा जेमतेम तिसरा हिस्सा कामी येतो, बाकी उष्णतेत आणि घर्षणात वाया जातो, असं त्यांनी मोबाइलवर ऐकलं आणि त्यांची झोपच उडाली. घर्षण कमी करायचं म्हणून त्यांनी खुणेच्या कितीतरी वर ऑइल ओतलं. आता तेच जादा ऑइल पिस्टनच्या कडेने वर चढत होतं आणि इंजिन ते जाळत उधळलं होतं.

बायको देवकी धावत आली. "ओ, बंद करा ता."

"डिझेल बंद केलंय. तरी चलता."

"मगे खाता काय?"

"ऑइल. ता संपल्याशिवाय थांबाचा नाय."

"आणि संपल्यार?"

"फुटतला." गोकुळदास हे माडाच्या आडून सांगत होते.

देवकी इंजिनाजवळ सरकली. भावाने विश्वासाने दिलेली वस्तू. "ह्या वारो खंयसून ओढता?"

"त्या तोंडातसून. पण तू जवळ जाव नको."

"लुंगी सोडा."

"कित्या?"

"सोडा म्हणतंय मा."

लुंगीची जाड घडी पाटाच्या पाण्यात भिजवून, वर फळी टेकवून देवकीने ती हवेच्या तोंडावर दाबली. गोकुळदासांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. इंजिन घुसमटलं, आचके देत गप्प झालं.

धूर विरतोय तोच कृष्णनाथ आला. त्याने तुडुंब भरलेली माडांची आळी पाहिली, मग टाकीचं झाकण उघडलं.

"भावजी, सगळा कुळागर भिजला आणि डिझेल भरला तसाच? माझ्याकडे ता नुसता पिता." अर्ध्या चड्डीतल्या भावजींकडे तो आदराने पाहत राहिला. "तुमचो हात लागलो म्हणान. ह्या आता तुमच्याकडेच ऱ्हवांदे."

खरं न सांगता गोकुळदासांनी नुसती मान डोलावली.

"फक्त एकदा माझ्यासमोर चालू करून दाखवा," म्हणत कृष्णनाथने हँडल त्यांच्या हातात दिलं.

गोकुळदासांनी बायकोकडे पाहिलं. देवकीने लुंगी पुन्हा पाटात बुडवली.