सातच्या वरचे पक्षी

दिल्लीत मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो केळुसकरकाकांचा. आणि माझ्या रविवारच्या झोपेचं सर्वांत जास्त वाटोळं केलं तेही त्यांनीच.

मंगरूळपीरहून आलेला, घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. ऑफिसात शेजारच्या टेबलावर काका. "लॉजमध्ये राहतोस? चलो, सामान उचल," म्हणाले आणि सरोजिनी नगरच्या आपल्या सरकारी क्वार्टरमधली एक खोली मला देऊन टाकली. अट एकच. रविवारी पहाटे पाचला उठायचं आणि ओखल्याला, यमुनेकाठी, पक्षी बघायला जायचं.

काका पक्ष्यांना दुर्मिळतेचे गुण देत. पारव्याला शून्य, साळुंकीला एक. ऑफिसात साहेब वेळेवर आले की माझ्या कानाशी येत, "आठ!"

"काका, नीलकंठ आमच्या गावी रोज तारेवर बसतो," मी एकदा म्हणालो.

"गावचा गावात. इथे त्याला पाच!"

त्यात त्यांचा नियम: सातच्या वर गुण द्यायचे तर दुसरा साक्षीदार हवा. तो अर्थात मी. जानेवारीच्या धुक्यात मला माझे बूट दिसत नसत आणि काका कुजबुजत, "बघितलास?"

"हो, काका."

"चोच कसली?"

"पिवळी."

"काळी! यार, तू साक्षीदार आहेस की शोभेची कुंडी?"

नोंद खोडली. परतताना मेट्रोत काका दोन सीट सोडून बसले.

काका रिटायर झाले, नाशिकला मुलाकडे निघाले. सामान बांधताना त्यांची जुनी वही हाती आली. साक्षीदाराच्या रकान्यात पानोपानी एकच सही: सुधा, म्हणजे काकू. मग काकू गेल्या ते वर्ष. तिथून पुढची सहा वर्षं एकही आठ नाही, नऊ नाही. नंतर एकदम माझी सही.

"सहा वर्षं काहीच दिसलं नाही, काका?"

"दिसलं की," दोरीची गाठ आवळत ते म्हणाले. "सांगणार कुणाला?"

वही त्यांनी माझ्याकडेच ठेवली. गेल्या रविवारी मी त्यांना हे पत्र टाकलं:

"ती. काकांस सा. न.

आज ओखल्याला पाणचिरा बघितला. चोच नारिंगी, खालची लांब, पाणी कापत गेला. नऊ गुणांचा आहे. पण मी एकटाच होतो, म्हणून रकाना कोरा ठेवलाय. पक्षी अजून इथेच आहे. माझ्या नव्या क्वार्टरमध्ये तुमची खोलीही. रविवारी पाचला मी उठवीन."