देवीडॉक्टरची सायकल

सायकल निवडावी तर मीच! हे मी बायकोला छातीवर हात मारून सांगितलं.

"अगं वत्सला, कल्याणला शाळेत असताना मी दोन्ही हात सोडून सायकल चालवायचो!"

"तेव्हा पोट नव्हतं," वत्सला म्हणाली.

मी मुरबाड तालुक्याचा देवीडॉक्टर. म्हणजे देवीची लस टोचणारा. पंचेचाळिशी उलटली तरी सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंतचे सगळे पाडे पायीच तुडवत होतो. लोक मला लांबूनच ओळखायचे आणि पोरंबाळं काखोटीला मारून रानात पसार व्हायचे! माझ्या वाट्याला यायची फक्त कुत्री. यंदा तर साहेबांनी स्पष्टच बजावलं होतं, "टोचणी वाढली नाही तर दुसरा माणूस बघू." त्या दिवसापासून माझी झोप उडाली होती. सायकल असली तर निदान लोक पळायच्या आत मी पोचेन, असा माझा हिशेब.

बाजाराच्या दिवशी कुंडलिकच्या सायकलच्या दुकानात गेलो. दोन सायकली होत्या. एक काळी, दणकट, म्हशीसारखी शांत. दुसरी लाल, काडीसारखी सडपातळ, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. विलायतेला परत गेलेल्या कुणा साहेबाची शर्यतीची सायकल म्हणे.

मला मनातून म्हैसच हवी होती. पण शेजारी भाजी मांडून बसलेली ताराबाई म्हणाली, "डागदरांना काळीच द्या. येवढं वजन ती लाल काय पेलाची नाय!"

बाजारातली माणसं फिदीफिदी हसली. झालं! मी लाल सायकलीवर टांग मारली.

"डागदर, जरा आयका," कुंडलिक ओरडला. "हिचं चाक फिरतंय तवर पाय बी फिरतात! मधीच थांबवता येत नाय!"

"मला शिकवतोस?"

दुकानापासून खाली भर बाजारापर्यंत उतार. पहिली दहा-पंधरा पावलं मी राजासारखा गेलो. मग सायकल माझं ऐकेनाशी झाली. मी पाय थांबवायला बघतोय आणि पेडलं माझे पाय घुसळतायत, जशी काही ताकातली रवी! धोतराचा सोगा साखळीत गेला. ब्रेक दाबला तर तो तुटून हातातच आला! समोर मडक्यांची रांग, त्यापलीकडे माणसंच माणसं. एखादं पोर चाकाखाली आलं तर? होता नव्हता तेवढा जीव एकवटून मी बोंबललो,

"पळा! पळा! आली रे आली!"

आता मी म्हणत होतो सायकल! पण ऐकणाऱ्यांनी पाहिलं काय? देवीडॉक्टर, पांढराफटक, धोतर सुटलेलं, जिवाच्या आकांतानं पळतोय!

"देवी आली!" पाड्यावरचा म्हातारा चांगो किंचाळला. "डागदरच पळतोय, मंग आपलं काय!"

क्षणात बाजार उधळला. कोंबड्या, टोपल्या, माणसं, सगळं एकाच दिशेनं! नशीब, मडकी वाचली. मी पेंढ्याच्या गाडीत डोक्यापर्यंत घुसलो.

बाहेर आलो तेव्हा कोपर सोललं होतं. पण खरी धडकी पुढेच होती. साथीची अफवा उठवली म्हणून नोकरी तर जाणारच, वर बेड्याही पडणार!

"अरे, देवी नाही आली!" मी हात जोडून सांगत सुटलो. "सायकल आली म्हणत होतो मी!"

"आपण घाबरू नाय म्हणून डागदर खोटं बोलतोय," चांगो सगळ्यांना समजावू लागला. "त्याचं तोंड बघा की!"

दुपारपर्यंत चावडीसमोर ही रांग! जे पाडे मला बघून रानात पळायचे, ते आपणहून बाह्या सरसावून उभे! नाही म्हणायची माझी छाती होईना. टोचायला बसलो, तर हात थरथरत होते.

"हात कसा कापतोय बघ गो!" म्हातारी राही शेजारणीला म्हणाली. "साथ लई वंगाळ हाय!"

रांग आणखी वाढली. शेवटी लस संपली, तेव्हा कुठे मी उठलो.

तिसऱ्या दिवशी साहेबांचं बोलावणं आलं. वत्सलानं माझा कोट अशा चेहऱ्यानं झटकला, जसा काही मी परत येणारच नव्हतो.

"बाजारात आरडाओरडा तुम्हीच केलात?" साहेबांनी दरडावून विचारलं.

"होय साहेब. पण तो सायकलीचा दोष..."

"वर्षभराची टोचणी एका दिवसात झाली! कुठे आहे ती सायकल?"

"कुंडलिककडे. पण साहेब, मी आता ती काळी..."

"अजिबात नाही! लालच घ्यायची. खात्यातर्फे!" साहेब भिंतीवरच्या नकाशाकडे वळले. "पुढचा बाजार शहापूरचा. काय हो, तिथे उतार चांगला आहे ना?"