जाणीव नसल्याचा फॉर्म

ज्या गोष्टीचा उपयोग दाखवता येत नाही, ती टिकवायची असेल तर निदान तिचा फॉर्म तरी भरावा लागतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरच्या त्या विद्यापीठात हा नियम सर्वांना लागू होता. त्यामुळे देवालाही होता.

डॉ. ग्लेनिस ट्रेविन तिथे सव्वीस वर्षं पाश्चात्त्यांचा देव शिकवत होत्या. शेजारच्या खोलीत श्रीलंकेतल्या कँडीहून आलेले डॉ. थिलक विक्रमनायके आशियाई तत्त्वज्ञानातली जाणीव शिकवत. (किटली दोघांत एकच होती.) जकारंडाची जांभळी झाडं फुलून परीक्षा उरावर बसल्या असताना पुनर्रचना समितीचे प्रमुख ब्रेट हार्डकासल यांनी दोघांना बोलावलं. समितीने अभ्यास कसून केला होता.

"अद्वैत सांगतं ना, दोन असं काही नाहीच?" ब्रेट आपुलकीने म्हणाले. "मग खुर्च्या दोन कशाला?"

"अद्वैतवाले वेगळे, मी बौद्ध," थिलक म्हणाले. "आमच्यात तर 'मी'च नाही."

"उत्तम. म्हणजे तुमची हरकतही नाही," ब्रेटनी टिपून घेतलं आणि ग्लेनिसबाईंकडे वळले. "देव सर्वत्र आहे म्हणता, मग त्याला वेगळा वर्ग कशाला लागतो?"

शेवटी ठरलं ते असं: दोघांपैकी एकाने जायचं, नाहीतर शुक्रवारपर्यंत आवारातल्या जाणिवेची पाहणी करून, विषय चालू ठेवण्याजोगे आकडे आणायचे.

बाहेर निलगिरीच्या झाडाखाली ग्लेनिसबाई थांबल्या. "तू राहा, थिलक. तुझी मुलगी अजून शिकतेय."

"आणि तू काय करणार? शनिवारच्या बाजारात देव विकणार?"

बाई हसल्या, हसता हसता डोळे भरले, आणि भरल्या डोळ्यांनीच त्यांना ते सुचलं.

गुरुवारी दोघांखेरीज सर्व चारशे बारा कर्मचाऱ्यांना जाणिवेच्या पाहणीचा फॉर्म गेला. नाव, विभाग, पार्किंगचा क्रमांक. कलम सात: 'माझ्या ठायी जाणीव नाही.' कलम आठ: 'पुनर्रचना समिती हेच निर्गुण, निराकार परब्रह्म होय.' खाली चौकोन: 'वाचले, समजले, मान्य आहे.'

जेवणाच्या सुट्टीपर्यंत चारशे नऊ जणांना मान्य झालं. ब्रेट यांना सर्वांत आधी, चार सेकंदांत. उरलेल्या तिघांपैकी एक बाळंतपणाच्या रजेवर होती, एक दोन वर्षांपूर्वी वारले होते (नाव कमी करण्याचा अर्ज विचाराधीन) आणि तिसरा बागेचा माळी मर्व्ह किनेन. तो प्रिंट हातात घेऊन आला.

"बाई, हे सात नंबरचं जरा बघा. सकाळीच मॅगपाय पक्ष्याने डोक्यात चोच मारलीय. जाणीव नाही कशी म्हणू?"

शुक्रवारी ब्रेटनी आकडा वाचला, मग कलमं वाचली. ग्लेनिसबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"नव्याण्णव टक्के लोकांत जाणीव नाही," ब्रेट गंभीरपणे म्हणाले. "ही तर भीषण टंचाई आहे."

दोन्ही खुर्च्या राहिल्या. वर सर्वांसाठी 'मूलभूत जाणीव' हा सक्तीचा ऑनलाइन वर्ग मंजूर झाला. (देव ऐच्छिक.) कॉरिडॉरमध्ये येताच दोन्ही डॉक्टरांनी हात धरून, चष्मे उडेपर्यंत फुगडी घातली.

पहिल्याच दिवशी 'वर्ग केला, जाणीव आली' या चौकोनावर चारशे नऊ खुणा पडल्या. सरासरी वेळ, चार सेकंद.

वाचकहो, हसा खुशाल. फक्त परवा फोनवर तुम्ही 'वाचले, मान्य आहे' दाबलंत, त्यात काय लिहिलं होतं तेवढं सांगा.