शेगडी मंदावली

चहाचं आधण ठेवून मालकीणबाई गोठ्यात जाऊन आल्या, कोंबड्या सोडून आल्या, तरी पातेल्यातलं पाणी आपलं गप्पच. शेगडीची ज्योत करंगळीच्या नखाएवढी झाली होती. बाईंनी नळीला कान लावून पाहिला, सुस्कारा सोडला, आणि शिकायला आलेल्या पोरांना त्या सकाळी कोमट चहा मिळाला.

पोरं समुद्र ओलांडून आली होती. उष्ण मुलखात जमिनीला न ओरबाडता शेती कशी करतात, हे बघायला. बाईंच्या शेतात उंच झाडांच्या सावलीत कॉफी होती, मध्ये केळी होत्या, आणि बाहेरून काही आणायचं नाही, आतलं काही फेकायचं नाही असा नेम होता. गोठ्यातलं शेण, भाज्यांची सालं आणि संडासातलं सगळं एका गोबरगॅसच्या टाकीत जायचं. गॅस शेगडीला, उरलेला पातळ गाळ, म्हणजे स्लरी, केळींना. आठवडाअखेर आसपासचे शेतकरी हे बघायला येणार होते. सगळ्यांचं जेवण याच शेगडीवर शिजवीन, असा शब्द बाईंनी देऊन ठेवला होता. आजवर त्यांना वेडी म्हणणारे लोकच जेवायला येणार होते.

पोरांमध्ये सगळ्यांत लहान एक मुलगी होती. तिला सगळे धाकटी म्हणत. तिला आत्याने वाढवलेलं. पाहुणे म्हणून गेलो की त्या घरची मोरी आपण आलो त्याहून स्वच्छ करून निघायचं, परक्या घरी आपली अब्रू मोरीत असते, असं आत्याचं शिक्षण. म्हणून आत्याने तिच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध फिनेलची मोठी बाटली दिली होती. ती वाटेत जराशी गळली. तेव्हापासून धाकटीच्या अंगाला, टॉवेलला, चादरीला फिनेलचाच वास. त्यामुळे ती रोज पहाटे उठून संडासात फिनेल ओतून तो घासून काढते, याचा कुणाला पत्ताच लागला नाही. वास आला की सगळे समजत, धाकटी येऊन गेली.

टाकीत बारीक जंतू असतात आणि तेच गॅस तयार करतात, हे पोरांना घेऊन आलेल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. धाकटी पुढे बसून मान डोलावत होती. फिनेल जंतू मारतं, हेही तिला लहानपणापासून ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात राहत होत्या, पण अबोला धरलेल्या जावांसारख्या.

कोमट चहानंतर चौकशी सुरू झाली. बाईंनी नळीच्या जोडांना साबणाचा फेस लावून गळती शोधली. गाईंच्या पुढ्यातला चारा पालथा घातला. तिथे काही सापडेना, तेव्हा गोठा सोडून बाई माणसांकडे वळल्या. बाईंची भाषा फक्त सरांना येत होती. बाई बराच वेळ बोलल्या आणि सरांनी त्यातलं सांगण्यासारखं तेवढं सांगितलं. कोण काय खातं, कुणाचं पोट कसं आहे, कुणाला औषध चालू आहे का. पोरं माना खाली घालून एकेक उत्तर देऊ लागली.

गटातला लंबू म्हणाला की त्याचं पोट बिघडलं होतं, डॉक्टरांनी जंतू मारायच्या गोळ्या दिल्या होत्या.

"झालं," सर म्हणाले. "तुझ्या पोटातले मेले ते मेले, टाकीतलेही मेले."

त्या क्षणी धाकटीच्या डोक्यातल्या दोन जावा एकदम बोलायला लागल्या. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात सर तिच्याकडे बोट करून इतरांना म्हणाले, "हिच्याकडून शिका जरा. संडास कसा आरशासारखा ठेवते. घरचं वळण लागतं त्याला."

उघडलेलं तोंड तिने मिटलं.

लंबूला शेजाऱ्यांकडे राहायला धाडलं, तिथला संडास टाकीला जोडलेला नव्हता. पोरांनी त्याचं नाव किडेमार ठेवलं. तो अंगणातून गेला की कुणीतरी शेगडीच्या नावाने हळहळायचं. धाकटी तेवढ्यात काहीतरी उचलायला वाकायची.

तिने आत्याला फोन करून सगळं सांगितलं.

"अगं, मोरीत फिनेल नाही घालायचं तर काय चहात घालायचं?" आत्या म्हणाली.

"पण त्याच्यावर आळ आलाय, आत्या."

"त्याचं त्याची आई बघेल. तू बाटली संपवून ये, परत आणू नकोस."

धाकटीने बाटली पलंगाखाली सारली आणि प्रायश्चित्त म्हणून टाकीची सेवा आरंभली. जंतू अशक्त झालेत तर त्यांना खायला घालावं, असा तिचा हिशेब. कुणाचं लक्ष नसेल तेव्हा ती गोठ्यातून घमेली भरभरून शेण आणून टाकीत लोटू लागली. आजारी माणसाला कोंबून जेवू घातलं तर जे होतं तेच टाकीचं झालं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी नखाएवढी ज्योतही गेली.

पाहुणे आले. बाईंनी मागच्या अंगणात तीन दगड मांडून लाकडावर जेवण चढवलं होतं. धुराने डोळे लाल झालेले, केसांवर राख. लोक गार शेगडीभोवती उभे राहून एकमेकांकडे बघत होते. मग सरांनी बाईंची बाजू सावरायला लंबूला पुढे ओढलं आणि पाहुण्यांना सगळी हकीकत सांगितली. एका म्हाताऱ्या बाईने लंबूच्या पोटावर हात ठेवून काहीतरी विचारलं. आता बरं आहे का, असंच असावं.

धाकटीला ते बघवेना.

"सर, मी केलं," ती म्हणाली. "मी रोज फिनेल ओतलं. नंतर शेणही मीच जास्त घातलं."

"नंतर बोलू," सर म्हणाले.

"बाईंना सांगा ना."

सर सांगेनात. मग ती धावत गेली, पलंगाखालची बाटली आणली आणि जिथे पातेलं असायला हवं होतं तिथे, शेगडीवर ठेवली.

बाईंनी झाकण काढून वास घेतला. मग धाकटीची बाही नाकाशी धरली. मग पुन्हा बाटली. त्या थोडकंच बोलल्या, आणि सरांना ते सांगावंच लागलं.

"बाई म्हणतात, त्यांना वाटलं होतं हे तुमच्याकडचं अत्तर आहे. पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून बोलल्या नाहीत."

पाहुण्यांना कळलं तसे ते हसू लागले. बाईही हसल्या, पण धुराने की कशाने, त्यांनी पदर नव्हता म्हणून हातानेच डोळे पुसले. धाकटीला जमीन दुभंगावीशी वाटली. जमीन तिथली चांगली कसलेली होती, जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी करायची ठरलं. फिनेलची स्लरी केळींना घालता येत नव्हती. घमेल्याने दूरच्या खड्ड्यात वाहून न्यायची होती. धाकटीने ते काम मागून घेतलं. निर्दोष ठरलेला लंबूही परत आला आणि सरांनी त्याला तिच्या जोडीला दिलं. तिने घमेलं खाली ठेवलं आणि पाठ केलेली माफी मागायला सुरुवात केली.

"तुला कुणी सांगितलं होतं गं बोलायला?" लंबू म्हणाला.

"तुझी बदनामी होत होती."

"होऊ दे की. शेजारी मला वेगळी खोली होती. गरम पाणी होतं. शेणाला हात लावायचा नाही, अशक्त आहे म्हणून दोन वेळा मऊ भात. बदनामीला गादी मिळत होती, आता अब्रूला घमेलं मिळालंय."

"मग आता माफी कशाची मागू?"

लंबूने खरंच विचार केला. "फिनेलची नको," तो म्हणाला. "कालच्या खरेपणाची माग."

तिने मागितली. पण तेवढ्याने त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही, आणि खड्डा अजून बराच लांब होता.